दसऱ्याला हरवलेला वर्ग

१

“माफीनामा टाइप झालाय, ताई. फक्त माझी सही बाकी आहे,” गुड्डी फोनवर म्हणाली. “चार बजे मीटिंग है. सही केली तर वर्ग चालू. नाही केली तर खोली गेली.”

“मग तू काय करणार?”

“मैंने किया ही नहीं, तो माफी काहे की?”

एवढं ऐकलं आणि मी चपला पायात सरकवल्या. देवासहून धारला जायचं म्हणजे इंदूरला बस बदलायची, धक्के खायचे आणि शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या शेवेचा वास घेत बसायचं. मला त्याचं काही नाही. मला राग होता तो त्या टाइप केलेल्या कागदाचा. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी माफीनामा तयार ठेवणारी माणसं मला सहन होत नाहीत.

मी ऋजुता. देवासच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. माहेर धारचं. धारला आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आहे आणि सभागृहामागे एक खोली. त्या खोलीत गुड्डी शितोळे दर रविवारी मुलांना मराठी वाचायला आणि कंप्युटर चालवायला शिकवते. तिचे पूर्वज धारच्या मराठा दरबाराबरोबर तंबू शिवायला माळव्यात आले. ती स्वतः दिवसभर एका दुकानात टायपिंग करते. मुलं सगळी हिंदी शाळांतली. घरात मराठी बोलतात, पण वाचायला पुस्तक पुढे ठेवलं की तोंडं वाकडी करतात. यंदा या मुलांनी गावातल्या जुन्या बायकांकडे जाऊन त्यांचे खेळ, गाणी, पदार्थ त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून आणले होते. कोजागिरीला ते सगळ्या समाजापुढे वाजवायचं ठरलं होतं.

आणि ते सगळं नाहीसं झालं होतं.

त्या कंप्युटरमध्ये दोन सिस्टिम आहेत. त्या मीच घातल्या. विंडोज मंडळाच्या कामासाठी, लिनक्स मुलांच्या वर्गासाठी. बटण दाबलं की आधी मेनू यायचा: इकडे जायचं की तिकडे? दसऱ्यानंतर तो मेनूच येईना. कंप्युटर सरळ विंडोजमध्ये घुसायचा. लिनक्स नाही, रेकॉर्डिंगं नाहीत, वर्ग नाही. मंडळाचे चिटणीस उमाशंकरकाका यांनी निकाल देऊन टाकला होता: पोरीने नको तिथे हात घातला आणि मशीन पुसून टाकलं.

२

गुड्डी बसस्टँडवर उभी होती. डोळे सुजलेले नव्हते. बरं वाटलं.

“शेवटचं कधी चालू केलं होतंस?” मी चालता चालता विचारलं.

“अष्टमीला, वर्ग झाला तेव्हा. सब ठीक था. मेनू आला, पोरांनी वाचला, काम केलं, बंद केला. नवमीला दादासाहेबांनी पूजा केली आणि खोलीला कुलूप लावलं. दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे तर तुम्हालाही माहीत आहे.”

माहीत होतं. दादासाहेब म्हणजे भगवंतराव, मंडळाचे अध्यक्ष. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा, आणि आता शस्त्रांच्या रांगेत शिलाई मशीन, गाड्या, कंप्युटर सगळंच येतं.

“मग दसऱ्याला तू खोलीत गेली होतीस का?”

“गेले होते. दुपारी सभागृह आणि खोली दोन्ही उघडलं होतं ना, सोनं वाटायला. मी आपट्याचं पान कीबोर्डवर ठेवलं आणि बाहेर आले. चालू नाही केला, ताई. काकांनी मला बाहेर येताना पाहिलं. बस, तेवढंच त्यांच्याकडे आहे.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“मनन भियाने सकाळी चालू केला, तर डायरेक्ट विंडोज.”

मनन म्हणजे उमाशंकरकाकांचा पुतण्या. इंजिनिअर झालेला, नोकरीच्या शोधात असलेला.

“तुला मशीनची सेटिंग कितपत येते?” मी विचारलं. हा प्रश्न मीटिंगमध्ये येणारच होता.

गुड्डीने मान वर केली. “येते. तुम्हीच शिकवलीत. श्रावणात मी मेनू बदलला. पोरं सावकाश वाचतात आणि तोवर आकडे उलटे पळून मशीन आपोआप निघून जायचं. चिऊ तर रडायची. मग मी ते आकडेच काढून टाकले. आता मेनू थांबून राहतो. कुणीतरी वाचून बोट लावत नाही तोवर हलत नाही. आणि इंग्रजी ओळी पण काढल्या. त्याला मराठी नीट जुळवता येत नाही, काना-मात्रा सुटून पडतात. पोरांनी चित्रातच अक्षरं काढली, मी ते चित्र मागे लावलं.”

“मेनूला मराठी येत नाही म्हणून तू मुलांकडून चित्र काढून घेतलंस?”

“उसको नहीं आती तो हम क्यों छोड़ें?”

या मुलीकडून माफीनामा घेणार होते! मी मनात म्हटलं, घेऊन दाखवा.

“हे चित्र कुणाकुणाला माहीत आहे?”

“वर्गातल्या पोरांना. बाकी कुणी रविवारी येतंच कुठे? काकांचं टायपिंग सगळं मीच दुकानातून करून देते.”

३

खोलीचं दार उघडं होतं आणि आतून माउसची टकटक ऐकू येत होती. मनन खुर्चीत पुढे झुकून बसला होता. पडद्यावर डिस्कची यादी होती. दोन डिस्क. पहिलीवर विंडोजचं नाव. दुसरीवर नाव नाही, अक्षर नाही, नुसता पट्टा. मननने त्या पट्ट्यावर उजवं बटण दाबलेलं होतं आणि मशीन त्याला विचारत होतं, पुसायचं का?

“हात बाजूला!” मी ओरडले.

मनन उठूनच उभा राहिला. “ताई! आप कब आए?”

“काय पुसतोयस?”

“ही डिस्क रिकामी आहे. काका बोले, मीटिंगच्या आधी साफ करून ठेव. पुढच्या महिन्यापासून माझा कोचिंग क्लास इथे...” तो थांबला. गुड्डी दारात होती.

“खोली अजून गेलेली नाही, आणि तुझा फळा आला पण?” मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. मुलगा वाईट नाही. लहानपणी आमच्या अंगणात पतंग लुटायला यायचा. पण त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ती रिकामी, असं इंजिनिअर म्हणतो! त्याचं बोट अजून एकदा खाली गेलं असतं तर गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज खरोखरच गेले असते, आणि गुड्डीवरचा आरोप कायमचा खरा ठरला असता.

“बस,” मी म्हणाले. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू चालू केलास तेव्हा काय झालं, पहिल्यापासून सांग.”

“कुछ खास नहीं. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी ओळ आली, अमुक बटण दाबा म्हणून. दाबलं. मग सरळ विंडोज.”

“काय लिहिलं होतं त्या ओळीत?”

“वाचलं नाही, ताई. ऐसा तो आता रहता है. दाबून टाकलं.”

“नंतर पुन्हा आली ती ओळ?”

“नाही. एकदाच. हां, घड्याळ पण चुकलं होतं. तारीख एकदम जुनी, मशीन नवीन असतानाची. त्यामुळे इंटरनेटवर एक पान उघडेना. मी तारीख नीट केली, मग सगळं चालू.”

मी गुड्डीकडे पाहिलं. तिच्याही कपाळावर आठी पडली होती. मशीनला हात लावायची तिला बंदी केली होती, त्यामुळे हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“मनन,” मी म्हणाले, “चार वाजेपर्यंत या मशीनला तू हात लावायचा नाहीस. काकांनी सांगितलं तरी नाही.”

“पण काकांना काय सांगू?”

“सांग, ऋजुताताई आली आहे आणि भांडायच्या तयारीत आहे.”

४

उमाशंकरकाका सभागृहाच्या व्हरांड्यात खुर्च्या मोजून घेत होते. मला पाहून हसले, चहा सांगितला. त्यांच्या बोलण्यात कधी आवाज चढत नाही. ज्यांच्या हातात किल्ल्या असतात त्यांना आवाज चढवायची गरज पडत नसावी.

“अगं, मी पोरीचं वाईट चिंतत नाही,” ते म्हणाले. “चूक झाली, कबूल कर, विषय मिटला. वर्ग काय, कधी ना कधी दुसरीकडे घेता येईल.”

“तुम्हाला इतकी खात्री कशी, काका?”

“कारण दसऱ्याला सकाळी मी स्वतः मशीन चालू केलं होतं. कोजागिरीचं आमंत्रण टाइप करायचं होतं. अर्जंट होतं, म्हटलं देव माफ करील. तेव्हा तुझा तो मेनू व्यवस्थित आला होता. दुपारी ही मुलगी खोलीतून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मेनू गायब. आता तूच सांग, मधे कोण?”

हिशेब सरळ होता. हे खरं असेल तर गुड्डी संपली.

“मेनू कसा आला होता? नीट आठवून सांगा. मला दुरुस्त करायला उपयोगी पडेल.”

काकांना असं विचारलेलं आवडतं. ते खुर्चीत सावरून बसले. “काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी दोन ओळी, खाली आकडे उलटे पळत होते. मी चष्मा काढून डोळ्याला लावेपर्यंत ते लिनक्स सुरूच झालं. मग बंद केलं, परत चालू केलं, तेव्हा कुठे विंडोज मिळालं. डोक्याला ताप नुसता.”

“अगदी स्वच्छ आठवतंय तुम्हाला.”

“वय झालं असलं तरी डोकं शाबूत आहे,” काका म्हणाले आणि मला बिस्किटाची बशी पुढे केली. मी बिस्कीट घेतलं नाही.

तिथून मी रस्ता ओलांडून भगवंतरावांकडे गेले. चारच्या मीटिंगचे अध्यक्ष तेच, निकाल त्यांचाच. त्यांचे पूर्वज दरबारच्या शस्त्रागारावर होते, आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. बैठकीत सतरंजी पसरून ते नवमीची शस्त्रं पुसून पेटीत ठेवत होते. एक तलवार, दोन कट्यारी आणि एक जुनी बंदूक.

“या, ऋजुताबाई. आपण कशासाठी आलात ते समजलं,” ते म्हणाले. “मी कुणाचा पक्ष घेणार नाही. कन्येने सही करावी आणि प्रकरण निकालात निघावं, एवढीच माझी इच्छा.”

“न केलेल्या गुन्ह्यावर सही?”

“समाज एकत्र राहण्यासाठी माणसाने थोडं वाकावं.”

“दादासाहेब, दर वेळी तेच ते थोडं वाकतात. तुमची वाकायची पाळी कधी येते?”

हे जरा जास्तच झालं. पण बोलून झालं होतं आणि मला मागे घ्यायचं नव्हतं. भगवंतरावांनी बंदूक उचलली, मधे मोडून उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केली.

“रिकामीच आहे ना?” मी विचारलं. राग होता तरी बंदुकीपुढे माणूस विचारतोच.

“पूजेच्या आधीच रिकामी केली जाते. भरलेल्या शस्त्राला हळदकुंकू वाहायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. आधी त्याचा जीव काढून घ्यायचा, त्याला झोपवायचं, मग पूजा. सीमोल्लंघनानंतर मी स्वतः जागं करतो. आजतागायत यात खंड पडला नाही.”

मी नमस्कार करून निघाले. फाटकाजवळ गुड्डी उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

“ताई, मी सही नाही करणार,” ती म्हणाली. “खोली जाते तर जाऊ दे. चबुतऱ्यावर वर्ग घेईन. पण पोरांसमोर चोर होऊन नाही बसणार.”

५

काका खोटं बोलत होते, एवढं मला कळलं होतं. पण खोटं पकडून गुड्डी सुटणार नव्हती. मीटिंगमध्ये कुणीही विचारलं असतं: बरं, मग मेनू गेला कुठे? तिथे माझी बोलती बंद झाली असती. मशीन कुणी बिघडवलं? मनन? त्याला डिस्क पुसायची होती, पण त्याआधीच मेनू गेलेला होता. काका? त्यांना चष्मा लावल्याशिवाय बटण सापडत नाही.

मी पुन्हा खोलीत आले. कंप्युटरवर नवमीची निशाणी अजून होती. वरच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं, पडद्याच्या पायाशी अक्षता, कीबोर्डवर गुड्डीचं आपट्याचं पान. झेंडूची माळ सुकून मशीनच्या पाठीमागे घसरली होती. ती काढायला मी टेबल ओढलं आणि वाकले.

माळ हातात आली. पण एक पाकळी आली नाही. ती मशीनच्या मागे, जिथे विजेची वायर खोचलेली असते तिथे, वायरचं तोंड आणि खाच यांच्यामध्ये चिमटली होती. मी मशीन बंद केलं, भिंतीवरचा खटका खाली केला आणि वायर उपसली. खाचेच्या आत, पार तळाशी, झेंडूची आणखी एक पाकळी चपटी होऊन बसली होती. तिच्यावर कुंकवाचा ठिपका होता.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

वायर लावलेली असताना त्या खाचेत मुंगी जाणार नाही. पाकळी गेली होती. म्हणजे फुलं वाहिली तेव्हा वायर काढलेली होती, आणि नंतर कुणीतरी ती पुन्हा दाबून बसवली होती.

सभागृहाला इन्व्हर्टर आहे. गावची वीज गेली तरी या मशीनचा पुरवठा तुटत नाही, आणि भिंतीवरचा खटका एरवी कुणी बंद करत नाही. त्यामुळे वर्षभरात एकदाच, एका ठरावीक दिवशी, त्याच्या अंगातून वीज पूर्णपणे जात असणार. मननने न वाचता दाबलेली ओळ. जुनी तारीख. मला एकदम हसू आलं आणि मग इतका राग आला की मी टेबलावर थाप मारली. त्या बिचाऱ्या मशीनने काय झालं ते आल्या आल्या स्वतः सांगितलं होतं. कुणी वाचलंच नव्हतं!

“गुड्डी,” मी हाक मारली, “चौकातल्या घड्याळवाल्याकडून एक चपटी बॅटरी घेऊन ये. रुपयाएवढी असते ती. आणि एक स्क्रू ड्रायव्हर.”

“समझ गई,” गुड्डी म्हणाली आणि पळाली. तिला खरोखर कळलं होतं. मी शिकवलेली मुलगी आहे ती.

६

चार वाजता खुर्च्या भरल्या. वर्गातली मुलं मागे सतरंजीवर बसली. भगवंतराव मधे, उमाशंकरकाका त्यांच्या उजव्या हाताला, काकांच्या पुढ्यात तो टाइप केलेला कागद आणि वर पेन. मी कंप्युटर खोलीतून उचलून सभागृहाच्या टेबलावर आणून ठेवला होता आणि प्रोजेक्टर जोडला होता, म्हणजे जे दिसेल ते सगळ्यांना दिसेल.

“सही करतेस ना, बाळ?” काकांनी मऊ आवाजात विचारलं.

“नाही,” गुड्डी म्हणाली.

कुजबुज सुरू झाली. मी उभी राहिले.

“आधी मशीनचं ऐकू. या डब्यात दोन डिस्क आहेत. पहिलीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. मेनू दुसरीवर राहतो. मी दोन वर्षांपूर्वी मशीनला सांगून ठेवलं होतं: जागं झालंस की आधी दुसरीकडे बघ. ही सूचना मशीन आपल्या छोट्याशा स्मरणात ठेवतं. ते स्मरण आणि घड्याळ जिवंत राहतं विजेवर, आणि वीज नसेल तेव्हा या बॅटरीवर.” मी झाकण उघडून जुनी चपटी बॅटरी काढून दाखवली. “ही मेली आहे. कधी मेली कुणाला कळलं नाही, कारण इन्व्हर्टरमुळे वीज कधी गेलीच नाही. वायर उपसली तर मात्र मशीन सगळं विसरणार. तारीख विसरणार, माझी सूचना विसरणार, आणि जन्मल्या दिवसासारखं पहिल्या डिस्कवर जाणार. म्हणजे सरळ विंडोज. दुसरी डिस्क जागच्या जागी. पुसली कुणीच नाही. वायर काढली एवढंच.”

“कुणी काढली?” मागून कुणीतरी विचारलं.

मी पाकळी रुमालातून काढून भगवंतरावांपुढे ठेवली. “ही वायरच्या खाचेत सापडली. दादासाहेब, भरलेल्या शस्त्राला हळदकुंकू वाहायचं नाही. बरोबर ना?”

भगवंतरावांनी पाकळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“वायर मीच काढली,” ते सावकाश म्हणाले. “दरवर्षी काढतो. वीज म्हणजे त्याचा बार. बंदुकीतून काढतो तसा काढून घेतला, पूजा केली, आणि दसऱ्याला संध्याकाळी सीमोल्लंघन करून आल्यावर पुन्हा लावली. गतवर्षी तर काही झालं नाही.”

“गेल्या वर्षी बॅटरी जिवंत होती.”

“म्हणजे ज्या अपराधाचा न्याय करायला मी इथे बसलो आहे, तो माझा?”

“अपराध नाही, दादासाहेब. पूजा केलीत तुम्ही. अपराध निराळा आहे.” मी काकांकडे वळले. “वायर नवमीपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत जमिनीवर होती. काका, दसऱ्याला सकाळी तुम्ही मशीन चालू कसं केलंत?”

काकांनी चष्मा काढला, पुसला. “मी... वायर लावली असेन. मग परत काढून ठेवली असेन.”

“असं का? मग मननला आली तशी बॅटरी संपल्याची इंग्रजी ओळ तुम्हाला दिसली असती, जुनी तारीख दिसली असती आणि मेनू दिसलाच नसता. पण तुम्हाला मेनू दिसला. काळा पडदा, इंग्रजी ओळी, पळणारे आकडे. तसंच ना?”

“हो, तेच म्हणतोय मी.”

मी नवी बॅटरी बसवली. वायर खोचली. मशीन चालू करून सेटिंगमध्ये गेले, दुसरी डिस्क पहिल्या जागी आणली, जतन केलं आणि हात मागे बांधून उभी राहिले.

भिंतीवर मांडूचा जहाज महाल उगवला. निळ्या पाण्यात पाय सोडून बसलेला, वाकड्यातिकड्या कमानींचा, मुलांनी खडूने रंगवलेला. त्यात दोन दारं होती. एका दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचा वर्ग’. दुसऱ्यावर, जरा लहान अक्षरांत, ‘काकांचं ऑफिस’. काळं काही नव्हतं, इंग्रजी काही नव्हतं, आकडे तर नव्हतेच. मागे सतरंजीवर मुलांनी एकच गिल्ला केला.

“हा मेनू श्रावणापासून असाच आहे,” मी म्हणाले. “काका, तुम्ही गेल्या वर्षीचा सांगितलात.”

मनन उठला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. “काका, आपने झूठ बोला? माझ्यासाठी? मला खोली मिळावी म्हणून?”

“अरे, तुझं बस्तान बसावं म्हणून...” काका पुटपुटले. “मेनू गेला हे तूच येऊन सांगितलंस. म्हटलं, आयतीच संधी...”

“मला नको ती खोली,” मनन म्हणाला. “मी आज ती डिस्क पुसणार होतो. गुड्डी, ताईंनी ओरडून थांबवलं, नाहीतर पुसली असती. सॉरी.”

गुड्डीने मान हलवली. एवढंच.

७

मग आमच्या समाजात नेहमी होतं तेच सुरू झालं. झालं गेलं विसरा. काका मोठे आहेत. चहा थंड होतोय. पोरगी निर्दोष सुटली, आणखी काय हवं? काकांनी तो कागद हळूच घडी करून खिशाकडे नेला.

“काका, कागद ठेवा,” गुड्डी म्हणाली.

ती पुढे आली आणि घडी उलगडून तिने कागद मोठ्याने वाचला. “‘माझ्या हातून घडलेल्या गंभीर अपराधाबद्दल मी मंडळाची बिनशर्त क्षमा मागते आणि असे पुन्हा घडणार नाही अशी हमी देते.’ मजकूर चांगला आहे, काका. वाया नका घालवू. खालचं नाव बदला. आणि मंडळाची नाही, माझी क्षमा मागा. पूर्ण नाव लिहा. गुड्डी गणपत शितोळे.”

“अगं, हे अति होतंय,” कुणीतरी म्हणालं.

“सकाळी मला सही करायला लावत होते तेव्हा अति नव्हतं?”

सगळे भगवंतरावांकडे पाहू लागले. भगवंतराव उठले. त्यांनी आधी गुड्डीपुढे हात जोडले. “कन्ये, यंत्र मी झोपवलं, आणि चौकशी न करता तुला वाकायला सांगितलं. मला क्षमा कर.” मग खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. “ऋजुताबाई, आज माझी पाळी आली.” शेवटी ते काकांना म्हणाले, “उमाशंकर, टाइप करा. स्वतः.”

काका टेबलाशी आले. खुर्चीत बसले. भिंतीवर जहाज महाल तसाच होता. काकांनी चष्मा लावला आणि वाट पाहू लागले. मशीन पुढे जाईल, कुणीतरी बटण दाबून देईल, याची ते वाट पाहत होते. कुणी जागचं हललं नाही. मनननेही हात पाठीमागे घेतले.

“हे पुढे का जात नाही?” काकांनी विचारलं.

“तो आपोआप नाही जात, काका,” गुड्डी म्हणाली. “वाचून बोट लावावं लागतं.”

“दार कुठलं?”

सतरंजीवरून चिऊ उठून उभी राहिली. अक्षराला अक्षर जोडत, मधे दम घेत, तिने सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं, “का-कां-चं ऑ-फि-स.” मग काकांनी बोट पुढे केलं, दुसऱ्या दाराकडे बाण नेला आणि बटण दाबलं.

गुड्डी त्यांच्या खुर्चीमागे, किल्ली मुठीत धरून, शेवटची ओळ टाइप होईपर्यंत उभी राहिली.